गौतमीपुत्र सातकर्णी: तेलुगू तलवार आणि नाशिकचा शिलालेख

तिसरी घंटा (धागाकर्ती)

सातवाहनांवर कुणी भव्य सिनेमा काढलाय का, असं विचारलं तर आपल्याकडे बहुतेक जण मान हलवतील. काढलाय, फक्त तेलुगूत. 'गौतमीपुत्र सातकर्णी', दिग्दर्शक क्रिश (जागर्लामुडी राधाकृष्ण), ऐन संक्रांतीच्या तोंडावर १२ जानेवारी २०१७ ला आलेला. नंदमुरी बालकृष्ण यांचा शंभरावा चित्रपट. आपल्याकडे तेलुगू सिनेमाची चर्चा 'बाहुबली'ला सुरू होते आणि 'आरआरआर'ला संपते. मधल्यामध्ये हा राहून गेला, म्हणून हा धागा काढते आहे.

कथानक उघड करणार आहे. तसं नाशिककडची लढाई कोण जिंकलं हे कळून जवळपास दोन हजार वर्षं झालीत, तेव्हा रसभंगाचा आरोप कुणी करू नये.

गोष्ट सरळ आहे. लहानगा सातकर्णी आईला विचारतो, ही युद्धं का होतात? आई सांगते, राज्यं फार, म्हणून भांडणंही फार. मग मी सगळ्यांचं मिळून एकच राज्य करीन, असं पोरगं म्हणतं. पुढच्या दृश्यात पोराचा बालकृष्ण झालेला असतो आणि हातात तलवार. तीन मोठ्या लढाया आहेत: कल्याणदुर्गमची समुद्रावरची, सौराष्ट्राच्या शक राजा नहपानाशी (कबीर बेदी) झालेली आणि शेवटची ग्रीकांशी. एकूण कारभार सव्वादोन तासांत आटपतो. तेलुगू स्टारपटात इतका आटोपशीरपणा क्वचितच दिसतो. वेगळा विनोदी ट्रॅक नाही, खलनायकाचे चमचे नाहीत.

लढाया बऱ्याच अंशी मोरोक्कोत आणि जॉर्जियात चित्रित झाल्यात. ज्ञानशेखर यांचा कॅमेरा आहे. खरी माती, खरे घोडे, पाठीमागे खरे डोंगर. त्यामुळे संगणकी सैन्य जिथे उघडं पडतं तिथेही जमीन खोटी वाटत नाही. समुद्री लढाईतलं काम मात्र कच्चं आहे, ते मान्य. चित्रीकरण ८० दिवसांच्या आत उरकलं होतं हे लक्षात घेतलं तर थोडं माफ करता येतं, सगळं नाही.

मला या सिनेमाबद्दल सांगायचंय ते वेगळंच. मारामारीचा सिनेमा असून तो चालतो आईच्या जोरावर. नहपानाची युक्ती अशी की राजांची मुलं ओलीस ठेवायची आणि बापांना गुडघ्यावर आणायचं. तो सातकर्णीचाही मुलगा मागतो. सातकर्णी म्हणतो, ठीक आहे, घेऊन येतो. आणि कोवळ्या पुलुमावीला घेऊन सरळ रणांगणावर जातो! त्याआधी राणी वासिष्ठी (श्रिया सरन) नवऱ्याला जे सुनावते तिथे सिनेमा पहिल्यांदा थांबून श्वास घेतो. दुसऱ्या बाजूला राजमाता गौतमी (हेमा मालिनी). एक आई मुलाच्या स्वप्नाला खतपाणी घालते, दुसरी त्याच स्वप्नाची किंमत विचारते. तलवारबाजी या दोघींच्या मधल्या जागेत चालते.

आणि हे पटकथाकाराच्या डोक्यातून आलेलं नाही. हा राजा कोण होता, कसा होता, हे आज आपल्याला माहीत आहे ते मुख्यतः त्याच्या आईमुळेच. नाशिकच्या लेण्यातला तो मोठा लेख गौतमी बलश्रीचा आहे, मुलगा गेल्यानंतरचा, नातवाच्या राज्याच्या १९ व्या वर्षातला.

बघायचा तर तेलुगूतच बघा, सबटायटल लावून. साई माधव बुर्रांचे संवाद तत्सम शब्दांनी गच्च भरलेत, अर्धं तर असंच कळतं. 'शरणमा? रणमा?' हे कुणी समजावून सांगायला नको. डबमध्ये संवादांची लय मरते आणि मग उरतो तो नुसता आरडाओरडा.

पाव भाजीवाला

बालय्या, म्हणजे बालकृष्ण, तेच ना, एका सिनेमात मांडीवर थाप मारून आख्खी रेल्वे उलटी पाठवणारे? त्यांना सम्राट म्हणून सव्वादोन तास बघायचं? धन्य आहे तुमची.

तिसरी घंटा

तेच. बघा तर खरं. ज्या आवाजाला रेल्वे घाबरते तो आवाज राजाला शोभतो. आधुनिक शर्ट-पँटमध्ये तोच माणूस अवघडलेला वाटतो.

मुशीरभाई चौक

हैदराबादचा मराठी माणूस म्हणून दोन शब्द. रेल्वेवाल्या क्लिपवर हसणं सोपं आहे, पण ती संवादफेक कुठून येते ते बघायला हवं. तेलुगू मुलखात पद्यनाटकांची मोठी परंपरा. नट पद्य म्हणायला लागला की शेवटचा स्वर खेचत नेणार आणि प्रेक्षक 'वन्स मोर' देणार. आपल्या संगीत नाटकाच्या प्रेक्षकाला हे काही नवं नाही. तिथून ते पौराणिक सिनेमात आलं. 'मायाबजार' १९५७ चा, त्यात एनटीआर (एन. टी. रामाराव) कृष्ण होते. बालकृष्ण त्यांचेच चिरंजीव. त्यामुळे तो किरीट घालून उभा राहिला की निम्म्या थिएटरला बाप आठवतो. ही पुण्याई शंभराव्या चित्रपटासाठी मुद्दाम वापरलेली आहे.

संक्रांतीचं सांगतो. आंध्र-तेलंगणात भोगी, संक्रांती, कनुमा असे तीन दिवस सण आणि सिनेमा हा सणाचाच भाग. त्या वर्षी चिरंजीवीचा पुनरागमनाचा चित्रपट, त्यांचा १५० वा, एक दिवस आधी ११ जानेवारीला लागला. दीडशेवा विरुद्ध शंभरावा! आरटीसी क्रॉसरोड्सला, जिथे एकाला एक लागून जुनी सिंगल स्क्रीन थिएटरं आहेत, तिथे दोन्ही बाजूंचे कटआउट, हार, दुधाचे अभिषेक, कागदाचे तुकडे. पहिल्या खेळाला सुरुवातीचे संवाद कुणालाही ऐकू येत नाहीत, कारण ते ऐकायला कुणी आलेलंच नसतं. धागाकर्तीने म्हटलेली वासिष्ठीची दृश्यं नीट अनुभवायची तर दुसऱ्या आठवड्यात जावं. तेव्हा बायाबापड्या आलेल्या असतात आणि थिएटर शांत असतं.

(गंमत म्हणजे त्याच सणाला तिसरा एक साधा कौटुंबिक सिनेमा आला, 'शतमानं भवति'. राष्ट्रीय पुरस्कार तो घेऊन गेला.)

राजकारणही सांगायला हवं. बालकृष्ण तेलुगू देसमचे, हिंदूपूरचे आमदार. २०१५ च्या ऑक्टोबरात नव्या आंध्रच्या राजधानीची, अमरावतीची पायाभरणी झाली. आणि सव्वा वर्षात पडद्यावर सम्राट सातकर्णी अमरावतीहून राज्य करताना दिसतो. हा योगायोग आहे असं मला कुणी सांगू नये. करमाफी मात्र आंध्र आणि तेलंगणा दोघांनीही दिली होती. नुकती वाटणी झालेल्या दोन राज्यांत एकमत व्हायला एवढा जुना राजा लागला.

उलटतपासणी

सिनेमा पाहिलाय, आवडलाही. पण इतिहास म्हणून काही गोष्टी नोंदवतो, म्हणजे नवीन वाचकाची पंचाईत व्हायला नको.

डिमिट्रियस, म्हणजे सिनेमातल्या शेवटच्या लढाईतला ग्रीक राजा. या नावाचा गाजलेला बॅक्ट्रियन ग्रीक राजा इ. स. पूर्व दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीचा. गौतमीपुत्राचा काळ पहिलं शतक की दुसरं यावर अभ्यासकांत वाद आहे, पण काहीही धरलं तरी दोघांत अडीच-तीनशे वर्षांची दरी पडते. शिलालेखात त्याला 'शक-यवन-पल्हव निषूदन' (त्यांचा संहार करणारा) म्हटलंय, म्हणजे यवन, अर्थात ग्रीक, शत्रू होते एवढं खरं. सिनेमाने त्या एका शब्दाला चेहरा हवा म्हणून नाव उसनं आणलं.

आईचं नाव. पडद्यावर ते मातृऋण म्हणून येतं आणि प्रसंग रंगलाय. प्रत्यक्षात तो रिवाज होता. मुलगा वासिष्ठीपुत्र पुलुमावी, पुढे नागार्जुनकोंड्याच्या इक्ष्वाकूंतही वासिष्ठीपुत्र, नाशिकला लेख असलेला आभीर राजा माढरीपुत्र. ही आईच्या गोत्रावरून आलेली नावं. गादी मात्र बापाकडूनच मुलाकडे जायची. गौतमीपुत्राने ही प्रथा शोधून काढली असं नाही.

आणि प्रदेश. बलश्रीच्या लेखात मुलाच्या ताब्यातल्या मुलखांची यादी आहे: असिक, असक, मुळक, सुरठ, कुकुर, अपरांत, अनूप, विदर्भ, आकर-अवंती. म्हणजे गोदावरी खोरं, कोकण, विदर्भ, माळवा, सौराष्ट्र. पूर्वेची डोंगरांची नावं येतात, महेंद्र वगैरे, पण कृष्णेच्या मुखाकडचा आंध्र प्रदेश म्हणून वेगळा नोंदलेला नाही. धान्यकटक म्हणजे अमरावतीकडे सातवाहनांचं ठाणं पक्कं दिसतं ते पुलुमावीपासून पुढे. तेव्हा अमरावतीत बसलेला गौतमीपुत्र हा २०१७ चा गौतमीपुत्र आहे.

घाटमाथा

थोडक्यात, आपला पैठणचा राजा पळवला. आपण बसलो टाळ्या वाजवत.

मुशीरभाई चौक

पळवला कसला? पुराणं या घराण्याला आंध्रच म्हणतात. तेलंगणात कोटिलिंगाला सातवाहनांची अगदी सुरुवातीची नाणी मिळालीत, त्यात 'छिमुक' नावाची आहेत. पुराणांतला पहिला राजा सिमुक तो हाच, असं मानणारे अभ्यासक आहेत.

घाटमाथा

आणि नाणेघाट? त्याच सिमुकाचा पुतळा तिथे होता, खाली नाव कोरलेलं आहे. सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. ग्रीक भूगोलकार टॉलेमीने पुलुमावीची राजधानी पैठण सांगितलीय. याचं काय?

मुशीरभाई चौक

त्याचं काही नाही. तेही खरं. एकाच घराण्याने दोन्हीकडे राहू नये असा काही नियम आहे का?

आहत मुद्रा

दोघेही चहा घ्या. सातवाहनांच्या चांदीच्या नाण्यांवर एका बाजूला प्राकृत आणि दुसऱ्या बाजूला द्राविडी वळणाची भाषा आहे, असं राज्य चालवणाऱ्यांनीच करून ठेवलंय. त्यांचं भांडण त्यांनी छाप-काट्यात मिटवलं होतं.

मी लिहायला आलो होतो ते नहपानाबद्दल. सिनेमातली सौराष्ट्राची लढाई बघून झाली की जोगळटेंभीची गोष्ट वाचा. नाशिकजवळ, सिन्नर तालुक्यात, १९०६ साली तिथे चांदीच्या नाण्यांचं घबाड सापडलं, तेरा हजारांवर नाणी. सगळी मुळात नहपानाची: एका बाजूला राजाचा चेहरा, ग्रीक अक्षरं, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र. त्यातली नऊ हजारांवर नाणी गौतमीपुत्राने वितळवली नाहीत, त्यांच्यावरच आपला ठसा मारला. नहपानाच्या चेहऱ्यावर तीन कमानींचा चैत्य किंवा डोंगर, मागे उज्जैन चिन्ह, आणि 'रञो गोतमिपुतस सिरि सातकणिस'. काही नाण्यांवर ठशाच्या कडेने जुन्या राजाचं नाक किंवा टाळू अजून डोकावते.

आता विचार करा, सम्राटाला घाई असती किंवा नुसती चांदी हवी असती तर भट्टी लावली असती. ठसा मारला की नाणं बाजारात पुन्हा जातं आणि प्रत्येक हाताला कळतं की राजा बदलला. शिवाय नहपानाची नाणी लोकांना सवयीची, वजनाला खात्रीची. व्यवहार थांबवायचा नव्हता. क्रिशने हे दृश्य घेतलं असतं तर (हातोडा, ठसा, खाली नहपानाचा चेहरा) त्या एका शॉटपुढे पाचशे घोडे फिके पडले असते. कबीर बेदींचा चेहरा तर नाण्यावर शोभलाच असता.

लोकलची खिडकी

कल्याणदुर्गम ऐकून डोंबिवलीकराने कान टवकारले. अनंतपूर जिल्ह्यात या नावाचं गाव आहे, पण तिथून गलबत सोडायचं तर आधी समुद्र मागवावा लागेल. आमचं कल्याण मात्र त्या काळचं खरंखुरं बंदर. 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासपुस्तिकेत 'कल्लिएना' आहे. थोरल्या सारगनसच्या (हा कुणी सातकर्णीच) काळात ती अधिकृत बाजारपेठ होती, पुढे तिथे अडवणूक सुरू झाली आणि चुकून आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जात, असं त्यात लिहिलंय. भडोचच्या त्या राजाचं नाव पुस्तिकेत 'मंबनुस' किंवा 'नंबनुस' असं येतं. अभ्यासक त्याला नहपान समजतात.

म्हणजे भांडण बंदरांचं होतं. कोकणात उतरलेला माल नाणेघाटातून जुन्नर, पैठण, तेरपर्यंत जायचा, तो भडोचकडे वळला की सातवाहनांची जकात बुडाली. सिनेमात 'अखंड भूमी' हे कारण येतं, जकात येत नाही. जकातीवर शिट्ट्या पडत नाहीत हे कळतं, पण एखादा चिंताग्रस्त श्रेष्ठी दाखवायला काय हरकत होती!

मखर

वेशभूषेवर कुणीच बोललं नाही? अमरावतीची, कार्ल्याची शिल्पं बघा. पुरुषांच्या डोक्याला भरघोस फेटा, पुढे गाठ, वरचं अंग उघडं, कानात जड कुंडलं, धोतर चुणीदार. सिनेमात सगळे छातीला चामडं आणि धातू बांधून. मोरोक्कोतल्या स्टुडिओत रोमन सिनेमांचा मोठा राबता असतो, तिथला वारा लागल्यासारखी तटबंदी दिसते. राणीचे दागिने मात्र जाडजूड आणि बऱ्यापैकी विचारपूर्वक केलेत. उघड्या अंगाचा सम्राट आजचा प्रेक्षक स्वीकारणार नाही, हे एक कारण असेल. दुसरं कारण बोलायला नको, नायक छपन्न वर्षांचे होते.

पाव भाजीवाला

मखर :)))

डफाची थाप

मला सगळ्यात आवडलं ते बुर्रकथेचं गाणं. कन्नडचे शिवराजकुमार पाहुणे कलाकार म्हणून येतात आणि राजाची गाथा सांगतात. बुर्रकथेत तिघं असतात: मधला कथेकरी तंबुरा खांद्यावर घेऊन नाचत नाचत सांगणार, दोन्हीकडचे दोघे ढोलकीसारखं वाद्य वाजवत मधेच प्रश्न विचारणार, एक राजकारणावर टोमणे मारणार, दुसरा हसवणार. स्वातंत्र्य चळवळीत आणि पुढे तेलंगणाच्या शेतकरी लढ्यात डाव्या कलापथकांनी हा प्रकार गावोगाव नेला. आपल्या शाहिरांची त्या काळातली कामगिरी आठवेलच. सम्राटाचा पट त्या पोवाड्याच्या जातीच्या प्रकाराने उचलून धरावा ही कल्पना क्रिशची चांगली. पुरातन राजाची गोष्ट लोककलावंताच्या तोंडी टाकली की 'हे असंच घडलं' असा दावा थोडा सैल होतो. उलटतपासणी यांच्या अर्ध्या आक्षेपांना तिथेच उत्तर आहे.

उलटतपासणी

अर्ध्या नाही, पाव.

त्रिरश्मी

नाशिककर. आमच्या पांडवलेण्यांचा उल्लेख झाला म्हणून लिहिते. डोंगराचं जुनं नाव त्रिरश्मी, पायथ्याशी दादासाहेब फाळके स्मारक. भारतात सिनेमा आणणाऱ्या त्र्यंबकेश्वरच्या माणसाचं स्मारक खाली आणि आपल्या नायकाचं स्मारक वर, मध्ये दमछाक करणाऱ्या पायऱ्या. लेणं क्रमांक तीन. दर्शनी भागात जमिनीतून अर्धे वर आलेले यक्ष आख्खं लेणं खांद्यावर तोलतायत. व्हरांड्याच्या मागच्या भिंतीवर, छताजवळ, बलश्रीचा लेख.

त्यात मुलाचं वर्णन इतकं आहे की हल्लीच्या कुठल्याही हिरोच्या एंट्रीला लाजवेल. सूर्यकिरणांनी उमललेल्या कमळासारखं तोंड, हत्तीसारखी चाल, शेषाच्या वेटोळ्यासारखे बाहू, तीन समुद्रांचं पाणी प्यायलेली वाहनं. आईची सेवा कधी न चुकवणारा. क्षहरात वंश (म्हणजे नहपानाचं घराणं) निःशेष करणारा. आणि या सगळ्याच्या जोडीला एक विशेषण असं: 'कितापराधे पि सतुजने अपाणहिसारुचि'. अपराध केलेल्या शत्रूचाही जीव घ्यायची रुची नसलेला!

सिनेमा बघून आल्यावर हे वाचलं की हसू येतं. सव्वादोन तासांत किती मुंडकी उडाली त्याची गणती नाही. पण मग 'वंश निःशेष करणारा' हेही त्याच लेखात आहे, त्याच आईने लिहवून घेतलंय. तिला त्यात विसंगती वाटली नाही. 'क्षत्रियांचा गर्व मोडणारा', 'एकब्राह्मण' असंही म्हणते आणि लेणं दान करते ते बौद्ध भिक्खूंना, भदायनीय शाखेच्या. हेमा मालिनींच्या वाट्याला आलेली गौतमी यामानाने फारच सोपी आहे. निव्वळ वात्सल्य आणि अभिमान. खरी बाई राजकारणी होती, शब्दन् शब्द मोजून मुलाची प्रतिमा घडवणारी.

दहा नंबरचं लेणंही चुकवू नका. ते नहपानाचा जावई उषवदात याचं. गाई किती दान दिल्या, घाट कुठे बांधले, नद्यांवर फुकट होड्या कुठे ठेवल्या, सगळा हिशेब. सिनेमातला शत्रू मुलं पळवतो. त्याच घरातला जावई इथे धर्मशाळा बांधताना दिसतो. दोन्ही पक्षांची जाहिरात एकाच डोंगरावर, चालत काही मिनिटांच्या अंतरावर.

आणि डिमिट्रियसवर हसणाऱ्यांसाठी: सतरा नंबरच्या लेण्याचा दाता 'योनक' म्हणजे यवन आहे, उत्तरेकडच्या दात्तामित्रीचा इंद्राग्निदत्त. हे दात्तामित्री म्हणजे डिमिट्रियसच्या नावावरून वसलेलं शहर, असं काही अभ्यासक मानतात. तेव्हा ते नाव नाशिकच्या डोंगरावर पोचलं होतं, फक्त तलवार घेऊन नाही, दान घेऊन.

आहत मुद्रा

त्रिरश्मी, शेवटचा परिच्छेद लाख मोलाचा. वाचनखूण साठवली.

कोरी पाटी

बाळबोध प्रश्न. शालिवाहन शक म्हणतात तो याच राजाचा ना? पाडव्याला आपण हेच साजरं करतो असं घरी ऐकलंय.

उलटतपासणी

शक इ. स. ७८ चा. तो कुशाण कनिष्काने किंवा शक क्षत्रपांपैकी कुणी सुरू केला, असा अभ्यासकांचा कल. सातवाहन राजे स्वतःच्या लेखांत राज्यवर्षं मोजतात, शक वापरत नाहीत. शालिवाहनाचं नाव त्या गणनेला कित्येक शतकांनंतर चिकटलं. मराठीत आणि तेलुगूत ते सारखंच पक्कं बसलंय, आपला पाडवा आणि त्यांची उगादी एकाच दिवशी. ज्याने शकांना हरवलं त्याच्या नावाने शकांचीच गणना चालावी, यावर एक वेगळा सिनेमा निघेल.

वडे तळणारी

इतिहासाचे तास झाले असतील तर सिनेमावर बोलू का? मला मुलाला युद्धावर नेण्याचा प्रसंग अजिबात पटला नाही. थरार म्हणून छान, पण सिनेमा शेवटी बापाच्या बाजूने कौल देतो. वासिष्ठीचा प्रश्न बरोबर होता आणि तिला उत्तर न मिळता ती फक्त गप्प झाली. आईच्या नावाचा एवढा गजर करणाऱ्या सिनेमाने आईचं ऐकलं कुठे?

तिसरी घंटा

हा आक्षेप मला मान्य आहे आणि तरी तो प्रसंग आवडतो. कारण तिचा प्रश्न सिनेमाने कापला नाही. नायकाला बायकोने तोंडावर स्वार्थी म्हणावं आणि तो शंभरावा सिनेमा असावा, हे चाहत्यांच्या थिएटरात धाडसाचंच. क्रिशची ही खोड जुनी आहे. त्याच्या 'कंचे'तही (२०१५) दुसऱ्या महायुद्धाच्या गोळीबारात गावच्या जातीच्या कुंपणाची गोष्ट घुसवलेली होती. मारामारी दाखवायची आणि मध्येच कुणीतरी 'कशासाठी?' असं विचारायचं. उत्तर त्याला दर वेळी सापडतं असं नाही. सातकर्णीत तर नायकापुढे त्याचंही फार चाललं नसावं.

वडे तळणारी

हे मात्र पटलं.

कोरी पाटी

असेच आणखी तेलुगू ऐतिहासिक सुचवा की. जुने चालतील.

मुशीरभाई चौक

जुन्यात 'बोब्बिली युद्धम्' (१९६४), एनटीआर. १७५७ ची बोब्बिलीची लढाई: सेनानी बुसीचे फ्रेंच सैनिक, विजयनगरमचा राजा आणि किल्ल्यात अडकलेले बोब्बिलीकर. मारामारीची अपेक्षा ठेवू नका, संवाद ऐका. मग कृष्णा यांचा 'अल्लूरी सीताराम राजू' (१९७४), तेलुगूतला पहिला सिनेमास्कोप. 'आरआरआर'मधला राम बघून ज्यांना वाटतं की हेच ते, त्यांनी रंपाच्या जंगलात इंग्रजांविरुद्ध उठलेला हा राजू जरूर बघावा. नव्यात 'रुद्रमादेवी' (२०१५), काकतीय राणी, अनुष्का शेट्टी, इळैयाराजांचं संगीत. ग्राफिक्सकडे काणाडोळा करायची तयारी हवी. अल्लू अर्जुन तेलंगणी बोलीत बोलत येतो तेव्हा मात्र उठून बसाल. 'सैरा नरसिंहा रेड्डी' (२०१९) मध्ये १८४६ चं रायलसीमेतलं बंड आहे, चिरंजीवी. पाण्याखालची मारामारी आणि शेवटचा फाशीचा प्रसंग चांगला, मधला तास पुढे ढकलला तरी चालेल.

पण सुरुवात सातकर्णीनेच कर. तुझ्याकडचा बराचसा इतिहास या धाग्यावर झालाच आहे.

घाटमाथा

बघितला काल. बालय्या चालला. कल्याणदुर्गमचं पाणी नाही चाललं. पैठणचं नाव ऐकायला कान लावून बसलो होतो. आणि हो, त्रिरश्मी, पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या असतात का? लेख नीट दिसायला कुठली वेळ बरी?

त्रिरश्मी

निसरड्या असतात, जपून. लेख वर आहे आणि अक्षरं उथळ, नुसत्या डोळ्यांनी फार दिसत नाहीत. सकाळी लवकर या, गर्दीही नसते. दुर्बीण असेल तर आणा. आधी शिलालेखांचे अभ्यासक वा. वि. मिराशींचं वाचन सोबत घेऊन ठेवा, नाहीतर वर आल्यावर नुसत्या रेघा दिसतील. आणि मुशीरभाईंना घेऊन या.

मुशीरभाई चौक

येतो. भाडं निम्मं निम्मं.